एका गगनचुंबी इमारतीची काटकसर

रांजणाच्या बुडाशी बारीकसे छिद्र पडले आहे आणि घरधनी विहिरीवरून घागरींमागून घागरी आणून त्यात ओततो आहे, असे दृश्य तुमच्या दृष्टीस पडले, तर तुम्हांला हसू आल्यावाचून राहणार नाही. ‘अहो, आधी ते छिद्र बुजवा!’ असे तुमच्यापैकी लहानात लहान मूलही त्याला सांगेल. परंतु मुलांनो, मोठमोठ्या शहरांतील कित्येक इमारती आज अशाच गळक्या रांजणांसारख्या आहेत. त्यांतून पाणी गळत नाही. गळते ती ऊर्जा. ही गळती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अशा एका प्रचंड इमारतीची गळती कशी थांबविण्यात आली, आणि ती थांबविताना कोणते काम आधी व कोणते मागाहून करावे याचा विचार किती बारकाईने झाला, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात एम्पायर स्टेट बिल्डिंग नावाची जगप्रसिद्ध इमारत आहे. मार्च १९३० मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले आणि १ मे १९३१ रोजी तिचे उद्‌घाटनही झाले. १०२ मजल्यांची ही इमारत पुढे सुमारे चाळीस वर्षे जगातील सर्वांत उंच इमारत म्हणून ओळखली जात होती. तिच्यात अनेक कचेऱ्या आहेत आणि दररोज हजारो माणसे तेथे कामाला येतात.

कचेरीला ऊर्जा लागते ती कशासाठी बरे? न्यूयॉर्कचा हिवाळा अत्यंत कडक असतो. पाणी गोठून बर्फ होईल इतकी थंडी तेथे पडते. उन्हाळ्यात उलट हवा दमट आणि उष्ण होते. म्हणून हिवाळ्यात खोल्या उबदार ठेवाव्या लागतात, तर उन्हाळ्यात थंड. ऊब देण्यासाठी शहरातील केंद्रांत तयार झालेली वाफ रस्त्याखालच्या नळांतून या इमारतीत येते. थंडावा देण्यासाठी तळघरात मोठी शीतयंत्रे आहेत. ती विजेवर चालतात. याखेरीज दिवे, उद्वाहने, संगणक आणि हवा खेळती ठेवणारे पंखे यांनाही वीज लागते. या सर्वांपायी इमारतीचा वर्षाचा खर्च सुमारे १ कोटी १० लाख डॉलरांच्या घरात गेला होता.

इमारतीला जवळजवळ ऐंशी वर्षे होत आली, तेव्हा तिचा जीर्णोद्धार करण्याचे ठरले. त्याच सुमारास एक प्रश्न उभा राहिला. शीतयंत्रे जुनी झाली होती. ती काढून टाकून नवी, अधिक शक्तीची यंत्रे बसवावीत, असा सरळ विचार कोणाच्याही मनात येईल. परंतु तज्ज्ञांनी निराळाच प्रश्न विचारला, ‘एवढा थंडावा मुळात लागतो तरी कशाला? बाहेरची उष्णता आत येते कोठून?’ काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली एक म्हण आहे. जी ऊर्जा इमारतीतच वाया जात होती, ती सोडून बाहेरून आणखी ऊर्जा आणणे म्हणजे असाच वळसा घालणे होते. साठांहून अधिक कल्पनांचा हिशेब मांडून त्यांतील आठ कामे निवडण्यात आली आणि २००९ साली ही योजना जाहीर झाली.

पहिले लक्ष गेले ते खिडक्यांकडे. या इमारतीला ६,५१४ खिडक्या आहेत. प्रत्येक खिडकीला वर-खाली सरकणारी दोन तावदाने आणि प्रत्येक तावदानात दोन काचा. म्हणजे एकंदर सव्वीस हजारांहून अधिक काचा झाल्या! या काचांतून उन्हाळ्यात उष्णता आत शिरे आणि हिवाळ्यात आतील ऊब बाहेर निघून जाई. जुन्या खिडक्या फेकून नव्या आणणे शक्य होते. परंतु तसे केले नाही. इमारतीच्या पाचव्या मजल्यावरच एक कारखाना थाटण्यात आला. तावदाने तेथे आणून काचा सुट्या केल्या, स्वच्छ धुतल्या, दोन काचांच्या मधोमध एक पातळ पारदर्शक पडदा ताणून बसविला आणि उरलेल्या पोकळीत क्रिप्टॉन व आर्गॉन हे वायू भरले. मग त्याच काचा पुन्हा आपापल्या जागी गेल्या. जुन्या काचा व चौकटी यांपैकी सुमारे ९६ टक्के भाग असा पुन्हा उपयोगात आला. २०१० साली हे काम पार पडले.

एवढ्याशा पडद्याने आणि न दिसणाऱ्या वायूने काय साधले, असे तुम्ही विचाराल. तुमच्या आजीची गोधडी आठवा. गोधडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही. तुमच्या अंगची ऊब ती राखून ठेवते. तिच्या थरांमध्ये हवा अडकून पडलेली असते, आणि स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. क्रिप्टॉन व आर्गॉन यांतून ती हवेपेक्षाही सावकाश जाते. शिवाय त्या पडद्यावरील विशिष्ट लेप उजेडाला वाट देतो, पण उष्णतेच्या किरणांना मागे परतवितो. अशा रीतीने प्रत्येक खिडकीला जणू एक पारदर्शक गोधडीच मिळाली. उष्णता अडविण्याची तिची शक्ती पूर्वीच्या दुपटीहून अधिक झाली.

दुसरे काम याहूनही साधे होते. खिडक्यांखाली वाफेने तापणारे लोखंडी रेडिएटर बसविलेले होते. त्यांच्या पाठीशी बाहेरची भिंत. खोलीला ऊब द्यायची, तर ती भिंतीलाच तापवीत बसे आणि ती उष्णता रस्त्यावरील थंडीत विरून जाई. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असाच हा प्रकार! यावर उपाय म्हणून सहा हजारांहून अधिक रेडिएटरांच्या मागे उष्णतारोधक चकचकीत पत्रे लावण्यात आले. विजेरीतील चकचकीत वाटी दिव्याचा उजेड मागे वाया जाऊ न देता पुढे फेकते, तसेच हे पत्रे उष्णता खोलीकडे परतवू लागले.

तिसरी गोष्ट दिव्यांची. दिवा नुसता उजेड देत नाही; तो उष्णताही देतो. म्हणजे वातानुकूलित खोलीत उगाच जळणारा दिवा दुहेरी खर्च करतो. एकदा स्वतः वीज घेतो, आणि मग त्याने सोडलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी शीतयंत्राला पुन्हा वीज खर्चावी लागते. म्हणून खिडकीजवळ भरपूर उजेड असेल, तेव्हा दिवे आपोआप मंद व्हावेत, अशी योजना कचेऱ्यांसाठी आखण्यात आली.

खिडक्या, भिंती आणि दिवे यांचा विचार झाल्यावर शीतयंत्रांचा हिशेब पुन्हा मांडला गेला, तेव्हा लक्षात आले की, थंडाव्याची गरज सुमारे एक तृतीयांशाने कमी होणार आहे. मग अधिक शक्तीची नवी यंत्रे हवीत कशाला? जुन्या यंत्रांची बाहेरची कवचे तशीच ठेवून आतील नळ्या व मोटारी तेवढ्या बदलल्या आणि ती यंत्रे पुन्हा कामाला सिद्ध झाली. खिडक्यांवर केलेला खर्च यंत्रांवरील खर्चात असा वाचला. हेच काम उलट्या क्रमाने केले असते, तर आधी मोठी यंत्रे विकत घेतली गेली असती आणि नंतर खिडक्या सुधारल्यावर ती निम्म्या शक्तीने रेंगाळत बसली असती. कामे तीच, परंतु क्रम बदलला की फळ बदलते.

उरली ती हवा आणि माणसे. कचेरीत बाहेरची ताजी हवा घ्यावीच लागते, आणि ती थंड किंवा उबदार करावी लागते. परंतु दहा माणसांच्या खोलीत शंभर माणसांची हवा कशाला? माणूस उच्छ्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो. त्याचे प्रमाण मोजणारी उपकरणे बसविली, म्हणजे माणसे किती आहेत हे कळते आणि तेवढीच हवा आत घेता येते. प्रत्येक कचेरीला आपण किती वीज वापरतो हे पाहता यावे, अशीही सोय योजनेत होती. कारण यंत्रे कितीही शहाणी असली, तरी बटण दाबणारा हात माणसाचाच असतो.

या सर्व कामांनी ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी घटावा आणि वर्षाला सुमारे ४४ लाख डॉलर वाचावेत, असे उद्दिष्ट होते. काम करणाऱ्यांनी बचतीची हमीही दिली होती. पहिल्या तिन्ही वर्षांत हमीहून अधिक बचत झाली.

मुलांनो, हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. कोळसा, तेल व नैसर्गिक वायू जाळून वीज व वाफ निर्माण होते, तेव्हा कार्बन डायऑक्साइड वातावरणात मिसळतो आणि पृथ्वी अधिक तापते. न्यूयॉर्कमध्ये अशा वायूंचा निम्म्याहून कितीतरी अधिक हिस्सा इमारतींमुळे निर्माण होतो. म्हणून २०१९ साली त्या शहराने मोठ्या इमारतींना मर्यादा घालून देणारा कायदा केला. सगळ्या जुन्या इमारती पाडून नव्या बांधणे कोणत्याही शहराला शक्य नाही. आहेत त्याच सुधारल्या पाहिजेत. आणि त्या सुधारता येतात, हे या वृद्ध इमारतीने दाखवून दिले.

आपला देश उष्ण. आपल्याकडे थंडीपेक्षा ऊन अडविणे महत्त्वाचे. छज्जा, झाडाची सावली, वाळ्याचा पडदा हे उपाय आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. आज आपण यंत्र विकत घेताना त्यावरचे तारे मोजतो, आणि ते योग्यच आहे. परंतु दार सताड उघडे ठेवून पंचतारांकित वातानुकूलन यंत्र चालविले, तर ते तारे काय करणार? उद्या शाळेत गेलात, म्हणजे आपल्या वर्गाकडे जरा निरखून पाहा. भर दुपारी खिडक्या लावून दिवे जळत आहेत काय? रिकाम्या वर्गात पंखा फिरत आहे काय? तसे असेल, तर रांजणाचे छिद्र तुम्हांला सापडले असे समजा. आणि ते बुजविण्यासाठी कोणत्याही तज्ज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही.

स्वाध्याय

१. नवी शीतयंत्रे घेण्याची गरज का उरली नाही, ते सविस्तर लिहा.
२. गोधडी आणि सुधारलेली खिडकी यांतील साम्य स्पष्ट करा.
३. वातानुकूलित खोलीतील दिवा दुहेरी खर्च कसा करतो?
४. आपल्या शाळेत ऊर्जेची गळती कोठे होते, ते शोधा. आणि कोणता उपाय आधी व कोणता मागाहून करावा, ते सकारण सांगा.