मुकुट, झगा आणि अर्धा स्टँड

७ जून १९८६ला स्टॉकहोममध्ये नारळ फुटला, ९ ऑगस्टला इंग्लंडातल्या नेबवर्थला सांगता झाली. एकूण २६ कार्यक्रम, सगळे युरोपात, आणि श्रोते अंदाजे दहा लाख! 'क्वीन' या ब्रिटिश बँडची ही 'मॅजिक टूर'. आधल्याच वर्षी 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीत जेमतेम वीस मिनिटांत त्यांनी भल्याभल्यांना झाकोळून टाकलं होतं. लोक आता पूर्ण जेवणाची वाट बघत होते.

गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा माजी विद्यार्थी, झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा फारोख बुलसारा. शाळेत पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता. त्यात हा पियानोवर. मुख्य गायक दुसराच!

फ्रेडीच्या हातातला तो अर्धा स्टँड आठवतोय? फार पूर्वी एका कार्यक्रमात माइकचा स्टँड मधूनच तुटला. पठ्ठ्याने तुटका तुकडा घेऊनच गाणं पुढे रेटलं आणि मग तोच कायमचा धरला. या टूरमध्ये कार्यक्रम संपताना ब्रिटनच्या राष्ट्रगीताची 'क्वीन'नेच वाजवलेली धून लागायची आणि फ्रेडी डोक्यावर मुकुट, अंगावर फरच्या किनारीचा लालभडक राजझगा घालून अवतरायचा. डायना मोझली यांनी केलेला हा पोशाख दुसऱ्या कुणी घातला असता तर हसं झालं असतं.

लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ११ आणि १२ जुलैला कार्यक्रम झाले. तिथे चौघांचे भलेमोठे फुगवलेले पुतळे आकाशात सोडले. त्यातला एक म्हणे चेम्सफर्डच्या कुणाच्या तरी बागेत जाऊन उतरला. न्यूकॅसलच्या कार्यक्रमाच्या तिकिटांचे पैसे 'सेव्ह द चिल्ड्रन' संस्थेला गेले.

पण खरी मजा बुडापेस्टची. २७ जुलै, नेपस्टेडियन, समोर ऐंशी हजारांच्या आसपास माणसं. हंगेरी तेव्हा साम्यवादी गोटात, पाश्चात्त्य बँडने तिथे अख्खं स्टेडियम भरवणं हीच मोठी बातमी. मंडळी व्हिएन्नाहून डॅन्यूब नदीतून वेगवान बोटीने थाटात आली. फ्रेडीने तिथलं एक लोकगीत चक्क हंगेरियनमध्ये गायलं, साथीला ब्रायन मे यांची गिटार. भाषेचा गंध नाही, म्हणून शब्द तळहातावर लिहिलेले! परीक्षेला चिठ्ठी न्यावी तसे, आणि चोरी लपवायची फिकीरही नाही. अधूनमधून सरळ हाताकडे बघून ओळ उचलायची, की स्टेडियम डोक्यावर. हंगेरियन दिग्दर्शक यानोश झोम्बोयाई यांनी हा कार्यक्रम चित्रपटाच्या फिल्मवर टिपला.

नेबवर्थचा कार्यक्रम मागून वाढवलेला, तिकिटांची मागणीच तेवढी होती. तिथल्या गर्दीचा आकडा एक लाख वीस हजारांपासून पुढे कितीही सांगतात. बँड हेलिकॉप्टरने आला. शेवटी शांत स्वभावाच्या जॉन डीकनने आपली बास गिटार अँप्लिफायरवर फेकली. हा फ्रेडीचा 'क्वीन'बरोबरचा शेवटचा कार्यक्रम ठरेल, हे त्या गर्दीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. २४ नोव्हेंबर १९९१ला, एड्स झाल्याचं जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तो गेला.

या टूरचं काही बघायचं म्हटलं की सगळे वेम्बली लावतात. तुम्ही आधी बुडापेस्ट लावा, आणि त्या लोकगीताच्या वेळी तळहाताकडे लक्ष ठेवा.