केसपेपरमध्ये अडकलेले संशोधन

लोणार - येथील सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा त्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि नागपूरच्या 'नीरी'त तपासण्यात आले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे त्यातून स्पष्ट झाले. या पाण्यावर देशोदेशीचे अभ्यासक लिहीत आले आहेत. काठावरच्या गावातून ताप वा दमा घेऊन दवाखान्यात येणाऱ्या माणसाची नोंद मात्र बहुधा केसपेपरवरच संपते.

याच बुलडाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात जानेवारी २०२५ मध्ये अनेक गावांतील लोकांचे केस अचानक गळू लागले आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक तेथे पोचले. रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. कोकणातील विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवून, रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध अशा रुग्णाचे प्राण वाचविते, हे त्यांनीच दाखवून दिले होते.

अर्थात, प्रत्येक डॉक्टर बावस्कर होऊ शकत नाही आणि तशी गरजही नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने १ फेब्रुवारी २०११ रोजी झालेली 'पोसायडन' पाहणी या दृष्टीने लक्षणीय आहे. देशातील ८८० शहरे व नगरांमधील ७,४०० डॉक्टरांनी त्या एकाच दिवशी तपासलेल्या २,०४,९१२ रुग्णांची माहिती भरून दिली. निम्म्याहून अधिक रुग्णांना श्वसनाशी संबंधित तक्रारी होत्या. हे निष्कर्ष २०१५ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टरांचा खर्च झाला तो एका दिवसाचा.

तरीही अशा पाहण्यांचे अर्ज टेबलावर पडून राहतात. रांगेत रुग्ण ताटकळत असताना दहा पानी प्रश्नावली कोण भरणार? शिवाय, पाहणीच्या नावाखाली एखादी औषध कंपनी आपला माल तर खपवीत नाही ना, ही शंका असते. ती निराधार म्हणता येणार नाही. म्हणूनच तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये कंपन्यांच्या पैशावरील संशोधनासाठी नैतिक समितीची मंजुरी व निधीचा स्रोत उघड करणे आवश्यक ठरविले. तेव्हा अर्ज हाती येताच डॉक्टरांनी या दोन गोष्टी आधी विचाराव्यात. तिसरी तक्रार अधिक बोचरी आहे. माहिती नेली जाते, पण निष्कर्ष परत दवाखान्यात येत नाहीत. सहभागी डॉक्टरांना अहवालाची प्रत मिळालीच पाहिजे. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेला लागणाऱ्या गुणांमध्येही या श्रमाची कदर व्हावी.

तालुक्यातील डॉक्टरांनी वर्षातून एक दिवस ठरविला, तर एका पानाचा तक्ता पुरेसा आहे. वय, लिंग, गाव, तक्रार, निदान. रुग्णाची संमती घ्यावी, नाव लिहू नये.