शुगर वाढण्याची भीती सगळ्यांना, पण उतरली तर? मधुमेहींनी खिशात काय ठेवावं?

पिंपळवंडी (ता. जुन्नर) : संकष्टीचा उपवास आहे. सकाळी नेहमीची शुगरची गोळी घेतली, पोटात फक्त चहा. नारायणगावच्या बाजारात माल पोचवायचा म्हणून दुपारपर्यंत टोमॅटोची तोडणी चालली. चंद्रोदयाला अजून बराच अवकाश आहे. अचानक हात थरथरू लागतात, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, ‘ऊन लागलं, जरा पडा.’

ओझर आणि लेण्याद्री हे दोन अष्टविनायक असलेल्या जुन्नर तालुक्यात संकष्टी अनेक घरांत पाळली जाते. म्हणूनच हा प्रसंग समजून घ्यायला हवा. हे नुसतं ऊन नसेल, शुगर उतरलेली असू शकते. अशा वेळी झोपवून ठेवणं धोक्याचं.

शुगर लो म्हणजे किती?
रक्तातली साखर ७० मिलीग्रॅमच्या खाली गेली की ‘लो’. ५४ च्या खाली गेली तर गंभीर. मेंदू मुख्यतः ग्लुकोजवरच चालतो, त्यामुळे माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो. लोकांना वाटतं, प्यायलाय! वेळेत साखर मिळाली नाही तर फिट किंवा बेशुद्धी येऊ शकते.

धोका कोणाला?
आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाच्या २०२३ मधील अंदाजानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्या सगळ्यांना हा धोका सारखा नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या घेणाऱ्यांना तो जास्त असतो, कारण तुम्ही जेवा अगर न जेवा, ही औषधं शुगर खाली आणतच राहतात. त्यात अंगमेहनत आणि दारू भर घालतात. वयस्कर आणि किडनीचा त्रास असलेल्यांनी अधिक जपावं. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना धोका कमी.

लगेच काय करायचं?
- माणूस शुद्धीवर असेल तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर द्या.
- १५ मिनिटांनी शुगर तपासा. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या.
- पेढा, चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.
- बरं वाटलं की भाकरी-भाजी खायला द्या. उपवास मोडला तरी चालेल.
- व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साखरेचा लवकर उपयोग होत नाही, ग्लुकोजच द्या.
- बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा.

गोळीमुळे उतरलेली शुगर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्यामुळे बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा.

आधी काय काळजी घ्यायची?
उपवासाच्या दिवशी गोळी किती आणि कधी घ्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचारा. मनानं गोळी बंद करू नका. काही जुन्या मधुमेहींना घाम, थरथर ही लक्षणं जाणवतच नाहीत, त्यांनी मधूनमधून तपासणी करावी.

शेतीची वीज रात्रीची असली की पाणी भरायला रात्रीच जावं लागतं. बिबट्याच्या भीतीनं हातात बॅटरी आणि काठी असतेच. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात ग्लुकोजची पुडीही असू द्या. आणि ती कशासाठी आहे, हे सोबतच्या माणसाला सांगून ठेवा.