सूर्येचे वस्त्र आणि सेनगावचा बस्ता

कार्तिक शुद्ध एकादशीस भगवान योगनिद्रेतून जागे होतात, द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत घरोघरी तुळशीचे लग्न लागते आणि चातुर्मासभर खोळंबलेली मनुष्यांची लग्नकार्ये त्यानंतर मार्गी लागतात, हा आपल्याकडील पूर्वापार क्रम आहे. या दिवसांत गृहिणी वृंदावनास गेरू लावण्यात आणि ऊस, आवळे, चिंचा, बोरे जमविण्यात गुंतलेल्या असतात. त्याच वेळी ज्यांच्या घरी कार्य निघाले आहे त्यांचे पाय कापडाच्या दुकानाकडे वळलेले असतात. लग्नाचा बस्ता बांधावयाचा असतो.

‘बस्ता’ हा शब्द मूळचा फारसी, अर्थ ‘बांधलेला’. आपला ‘बद्ध’ आणि हा ‘बस्ता’ ही एकाच कुळातील भावंडे होत. साड्या, खण, धोतरे, फेटे, टॉवेल, टोप्या यांचा एकत्र बांधलेला गठ्ठा तो बस्ता. आमच्या भागात ‘बस्ता फाडणे’ असेही म्हणतात. दुकानदार ताग्यातून कापड टर्रकन फाडून देत असे, त्या काळाची ती खूण. मात्र बस्ता बांधताना कापडाबरोबर आणखी काय काय बांधले जाते आणि काय काय फाटते, हे ज्याने मुलीचे लग्न केले आहे त्यासच विचारावे.

गेल्या पंधरवड्यात काकड आरतीच्या निमित्ताने आम्ही हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव येथे कीर्तनसेवेस गेलो होतो. सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद पिकविणारा हा मुलूख. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यातील हा एक तालुका. येथे येताना आम्हां कीर्तनकारांचे हात आपोआप जोडले जातात, कारण नामदेवरायांची नर्सी येथून दूर नाही. दामाशेटी आणि गोणाई यांच्या पोटी, शिंप्याच्या कुळात, शके ११९२ म्हणजे इसवी सन १२७० च्या कार्तिक शुद्ध एकादशीस नामदेवांचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. ज्या एकादशीस देव उठले त्याच एकादशीस देवाला कीर्तनात नाचविणारा भक्त जन्मास आला. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि त्यांतील एका पदात महाराजांनी गज, कात्री, सुई, दोरा ही आपल्या धंद्याची सारी हत्यारे हरिनामाच्या कामी लावली आहेत. कापड मापणाऱ्याचा हात पवित्र असतो, हे सांगण्यास आणखी कोणता दाखला हवा?

त्या रात्री आम्ही उत्तररंगास रुक्मिणीस्वयंवराचे आख्यान लावले होते. रुक्मिणीच्या शृंगाराचे वर्णन करताना आम्ही जरा रंगलोच. शेला, शालू, कंचुकी, मुंडावळ्या, काही राहू दिले नाही. मायबहिणी प्रसन्न दिसल्या. सकाळी यजमान चहाचा पेला पुढे ठेवीत हळूच म्हणाले, “महाराज, आज पोरीचा बस्ता आहे. दोन घटका दुकानात येऊन बसा. तुम्ही समोर असलात म्हणजे कोणी आवाज चढवणार नाही.”

आमंत्रण कशासाठी आहे हे आम्हांस त्या शेवटच्या वाक्यावरून कळले. आम्ही उपरणे सावरले आणि निघालो.

दुकान बाजारातले, जुन्या पद्धतीचे. पांढरी गादी, भिंतीला टेकलेले तक्के, मागे छतापर्यंत साड्यांच्या थप्प्या. वराकडील मंडळी पुढे बसली. वधूचा पिता, मामा आणि आम्ही भिंतीच्या कडेला. विहीणबाई मध्यभागी, त्यांच्या दोन्ही बाजूंस करवल्या. ज्या मुलीचे लग्न होते ती पार मागे, खांबाच्या आड, मावशीच्या पाठीशी बसली होती. वीसेक माणसे त्या गादीवर होती आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. रीत अशी की, नवरीची वस्त्रे वरपक्षाने घ्यावयाची, नवरदेवाचा पोशाख वधूपक्षाने. आणि वरपक्षाकडील स्त्रियांच्या ‘मानाच्या साड्या’ पुन्हा वधूपित्यानेच. ही मानाच्या साड्यांची यादी विहीणबाईंच्या हातात होती. प्रथम अकरा होत्या. चहा येईपर्यंत त्या सतरा झाल्या. यजमान काही बोलत नव्हते; टोपी काढीत, पुन्हा घालीत. यंदाची हळद अद्याप शेतातच होती आणि सोयाबीनचे पैसे कोठे गेले ते त्यांनी आम्हांस आदल्या रात्रीच सांगितले होते.

बसल्या बसल्या आमच्या मनात सूर्यासूक्त घोळू लागले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील हे पंचाऐंशीवे सूक्त, ऋचा ४७. सविता देवाची कन्या सूर्या हिच्या विवाहाचे हे वर्णन म्हणजे आपल्या विवाहविधीचे मूळ पीठच होय. तेथे नववधूच्या वस्त्रास ‘वाधूय’ अशी स्वतंत्र संज्ञा आहे. सूर्येचे ते मंगल वस्त्र कशाने सजविले होते? जरीने नव्हे, मोत्यांनी नव्हे. ते गाथेने सजले होते, असे ऋषी सांगतात. लग्नघरी म्हटलेली गाणी हाच त्या वस्त्राचा काठ आणि हाच पदर. विवाहानंतर ते वाधूय वस्त्र हे सूक्त जाणणाऱ्या ब्राह्मणास द्यावे, असेही त्याच सूक्तात आहे. आम्हांस सूक्त मुखोद्गत असूनही आजवर कोणी शालू आणून दिला नाही, आणि दिला असता तर आमच्या घरातून आम्हांस जाब विचारला गेला असता. असो.

पारस्कर गृह्यसूत्रात वराने वधूस वस्त्र नेसविण्याचा विधी सांगितला आहे. त्यासाठी दोन मंत्र आहेत. पहिल्यात वर तिला दीर्घायुष्य चिंतितो: हे वस्त्र नेस आणि शंभर शरद जग. दुसरा मंत्र आम्हांस अधिक हृद्य वाटतो. अथर्ववेदाच्या चौदाव्या कांडातही तो आला आहे. ज्या देवींनी सूत कातले, ज्यांनी ते विणले, ज्यांनी ताणा पसरला आणि दोन्ही बाजूंचे काठ ओढून जुळविले, त्या देवी तुला हे वस्त्र नेसवोत, असा त्याचा आशय. पाहा, वस्त्र दिले कोणी, किती मोल पडले, मानपान कोणाचा राहिला, याचा उच्चार नाही. कातणारीचे आणि विणणारीचे हात मात्र मंत्रात अमर झाले आहेत. आमच्या शिवारात कापूस पिकतो आणि साडी सुरतेच्या यंत्रमागावरून येते. मधल्या साऱ्या हातांचा आपल्याला पत्ताही नसतो.

धर्मकार्यास वस्त्र कसे असावे याचेही लक्षण सांगितले आहे. त्याला ‘अहत’ म्हणतात: एकवार हलके धुतलेले, नवे, पांढरे, पूर्वी न नेसलेले आणि दशांसह, म्हणजे टोकाच्या सुतांसह असलेले. त्या ‘दशे’चीच आपली मराठी ‘दशी’ झाली. भाऊबीजेच्या सायंकाळी चंद्रकोरीला आपण वस्त्राची दशी वाहिली, ती हीच. धर्माला वस्त्र नवे लागते, भारी लागत नाही. मामाकडून येणारी नवरीची पिवळी पाहा. साधे सुती वस्त्र, हळदीत बुडविलेले. परंतु अंतरपाटासमोर ते नेसून उभी राहिलेली मुलगी साक्षात गौरी दिसते. अष्टपुत्री म्हणतात तिला.

याचा अर्थ आमचा सुंदर वस्त्रावर राग आहे असा कोणी करू नये. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त बटुवेषधारी शंकर पार्वतीस म्हणतो की, राजहंसांची नक्षी असलेले तुझे वधूदुकूल कोठे आणि त्याचे ते रक्त ठिबकणारे गजचर्म कोठे! म्हणजे नववधूच्या वस्त्रावर पक्षी विणण्याची हौस तेव्हाही होती. आपल्या पैठणीच्या पदरावरील मोर आणि मुनिया त्याच हंसांच्या गोतावळ्यातील. गोदातीरीच्या पैठणचे नाव मिरविणारी आणि आता मुख्यत्वे येवल्यात विणली जाणारी ही पैठणी २०१० साली भौगोलिक मानांकन पावली. तिचा पदर हातमागावर असा गुंफला जातो की सुलट आणि उलट बाजू सारख्याच दिसाव्यात. ही गोष्ट आम्ही ग्रंथात वाचली होती. ती डोळ्यांनी पाहण्याचा योग मात्र त्या दिवशी सेनगावात यावयाचा होता.

झाले असे की, दुकानदाराने एक मोरपंखी साडी गादीवर उलगडली. पदरावर मोर नाचत होते. किंमत ऐकून मामांनी आमच्याकडे पाहिले. विहीणबाई म्हणाल्या, “हीच घ्या. चार लोकांत दिसायला पाहिजे.” सर्वांनी माना डोलावल्या. तेवढ्यात वराची आजी, नव्वदीला टेकलेली, इतका वेळ डोळे मिटून बसली होती, ती म्हणाली, “अगं, जिनं नेसायची तिला इचारा की.”

क्षणभर कोणास काही सुचेना. मग मावशीने मुलीला पुढे सरकविले. ती शालीन, मान खाली घातलेली. तिने रंगाकडे पाहिले नाही, मोरांकडे पाहिले नाही. पदराचे टोक हाती घेऊन उलटे केले आणि बोटाने हळूच चाचपले. मागच्या बाजूस रंगीत धाग्यांच्या लांब लांब ओढी मोकळ्या लोंबत होत्या. “आजी, ही मागावरची नाही,” ती अगदी हळू म्हणाली. “मशीनची आहे. ह्याचे धागे बांगडीत अडकतात.”

दुकानदार भला माणूस होता. तो हसून म्हणाला, “बरोबर आहे, बाई. ही सेमी पैठणी. खरी हवी असेल तर पाचसहापट पडेल.” मागून कळले ते असे: मुलगी चार वर्षांपासून घरी शिलाई यंत्रावर अर्ध्या गावाचे झंपर शिवते. त्या वीस माणसांत कापड कळणारी ती एकटीच होती आणि तिलाच आम्ही खांबाआड बसविले होते.

आम्ही ‘आम्ही’ म्हणतो ते उगीच नव्हे. वीस वर्षांपूर्वी आमच्या कन्येचा बस्ता झाला, तेव्हा आम्ही असेच तक्क्याला टेकून बसलो होतो. शालू विहिणींनी पसंत केला, मान आम्ही हलविली. तो इतका जड होता की सप्तपदीला तिला पाऊल उचलवेना. त्यानंतर तिने त्याची घडी मोडली नाही. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत तो अजून आहे. एकदा माहेरपणाला आली असता ती सहज म्हणाली, “बाबा, रुक्मिणीचं पत्र तुम्ही इतकं छान सांगता. मला एवढंच विचारलं असतं, तर मी आंबा रंग सांगितला असता.” भागवतातील रुक्मिणीच्या पत्राचे सात श्लोक आम्ही आयुष्यभर गायिले. भावाने ठरविलेला शिशुपाल नाकारून तिने आपला वर आपण निवडला, हे शेकडो वेळा सांगून टाळ्या घेतल्या. स्वतःच्या मुलीला मात्र साडीचा रंगही विचारला नाही.

दुकानात पुढे काय झाले ते सांगतो. मुलीने थप्पीतून एक हळदी रंगाची, लाल काठांची, हलकी साडी काढली. सूत आणि रेशीम मिसळलेली, किंमत पहिलीच्या निम्म्याहून कमी. आजीने तिला हात लावून पाहिले आणि “हिची घडी रोज मोडता येईल,” असा निर्वाळा दिला. विहीणबाईंचा चेहरा उतरला होता, हे खोटे कशाला सांगावे? मानाच्या साड्यांचा प्रश्न निघाला तेव्हा आजींनीच विचारले की, गेल्या लग्नात आलेल्या साड्या कोणी नेसल्या. कोणीच नेसल्या नव्हत्या. त्या एका घरच्या ट्रंकेतून दुसऱ्या घरच्या आहेरात गेल्या होत्या; आहेराची साडी आजकाल नेसण्यासाठी नसतेच, ती केवळ प्रवास करते. सतरांच्या सात झाल्या. त्यांहून खाली मात्र विहीणबाई उतरल्या नाहीत, आणि आमच्या उपरण्याचाही तेथे काही प्रभाव पडला नाही. यजमानांनी त्या सात मान्य केल्या. टोपी एकदाची डोक्यावर स्थिर झाली.

बस्त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकवाची बोटे लागली, वर नारळ ठेवला गेला. निघताना मुलगी पुन्हा गादीपाशी आली. घरच्या तुळशीला द्वादशीला नेसवायला खण हवा होता. दुकानदाराने हिरवा खण पुढे केला. तिने तोही उलटा करून पाहिला, काठावरून बोट फिरविले, आणि आपल्या शिलाईच्या पैशांतून त्याचे दाम मोजले.