संत्र्याचा रस शेवटी घाला!

बुलडाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. आपल्याकडे संत्रं सोलून खायचं, नाहीतर रस काढून प्यायचा, एवढीच रीत. आता घरोघरी छोटे ओव्हन आले आणि संत्र्याच्या रसातलं चिकन भाज्यांसह एकाच ट्रेमध्ये भाजण्याचे प्रयोगही सुरू झाले. तक्रारी मात्र ठरलेल्या: चिकन पांढरंफटक राहतं, भाज्यांचा लगदा होतो, रस करपतो, वर कडवट लागतो. चारही तक्रारींची उत्तरं रसायनशास्त्रात आहेत.

पहिला अडथळा पाण्याचा. ओव्हन 200 अंश सेल्सिअसवर असला, तरी चिकनचा पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान 100 अंशांपुढे सरकत नाही. बहुतेक उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. खमंग तांबूस रंग येतो तो मात्र साधारण 140 अंशांच्या पुढे. तिथे प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर यांच्यात ‘मेलार्ड अभिक्रिया’ वेगाने होते. लुई-कामिय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचं वर्णन केलं. वऱ्हाडात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या रोडग्याला जो खरपूस पापुद्रा येतो, तो याच अभिक्रियेचा. म्हणून चिकनच्या तंगड्या आधी कापडाने कोरड्या करा. गाजर, बटाटा, कांद्याच्या फोडी सुट्या पसरा. खेटून ठेवल्या तर एकमेकींच्या वाफेत उकडतात.

दुसरा मुद्दा साखरेचा. संत्र्याच्या रसात सुमारे 10 टक्के साखर असते, बाकी बहुतेक पाणीच. म्हणजे 200 मिलिलिटर रसात साधारण 20 ग्रॅम. तो आटवून 50 मिलिलिटर केला, की साखरेचं प्रमाण 40 टक्क्यांवर जातं आणि रस चिकनला धरून राहतो. मात्र या साखरेतलं फ्रुक्टोज 110 अंशांच्या आसपासच रंग बदलू लागतं. ती सुरुवातीपासून ओव्हनमध्ये राहिली, तर आतलं मांस शिजण्याआधीच बाहेरून काळी पडते.

तिसरा मुद्दा आंबटपणाचा. रसातल्या आम्लामुळे मेलार्ड अभिक्रिया मंदावते, अल्कामुळे वेग घेते. आपल्या लोणार सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे हे शाळेतली मुलंही सांगतील. तोच गुण सौम्य रूपात खाण्याच्या सोड्यात असतो. चिकनच्या कातडीला मिठाबरोबर चिमूटभर सोडा चोळला, तर ती लवकर तांबूस होते. जास्त झाला, तर साबणासारखी चव येते.

आता कडवटपणा. विदर्भातल्या संत्र्याचा ताजा रस गोड लागतो, पण ठेवला किंवा तापवला की कडवट होतो. रसप्रक्रिया उद्योगाचीही ही जुनी डोकेदुखी. कारण आहे लिमोनिन. अख्ख्या फळात त्याचं कडू नसलेलं पूर्वरूप असतं. पेशी फुटून ते आंबट रसात मिसळलं, की त्याचं हळूहळू लिमोनिन बनतं आणि उष्णतेने हा बदल आणखी लवकर होतो. बियांमध्ये आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात त्याचा साठा जास्त. त्यामुळे फोडी बियांसकट मिक्सरमध्ये फिरवणं म्हणजे कडूपणाला आमंत्रण. रस हाताने पिळा आणि गाळा, म्हणजे हे पूर्वरूप त्यात कमी उतरतं; मग लगेच आटवा.

थोडक्यात क्रम असा: कोरड्या तंगड्या आणि भाज्यांना तेल-मीठ लावून 200 अंशांवर अर्धा तास भाजा. मग आटवलेल्या रसात आलं-लसूण आणि तिखट मिसळून तो ब्रशने लावा आणि ट्रे आणखी दहा मिनिटं आत ठेवा. तंगडीच्या मध्यभागी, हाडाला न लागता, किमान 74 अंश तापमान भरलं पाहिजे. तेवढ्याला सालमोनेलासारखे जंतू मरतात. तंगडीतलं कोलॅजन हे चिवट प्रथिन विरघळून मांस मऊ व्हायला 80 अंशांपुढे गेलेलं बरं. रंगावरून अंदाज बांधू नका, कारण संत्र्याच्या रसाचा तांबूसपणा कच्चं मांसही झाकतो. त्यासाठी स्वयंपाकाचा एक थर्मामीटर घ्या.