हाली, कलदार आणि मधला बट्टा

विनिमयाचा दर म्हटला की रुपया आणि डॉलर हीच जोडी सुशिक्षितांच्या डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या सीमेवरील मराठी माणसाला हा प्रश्न परदेशाचा कधीच वाटला नाही. बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याहून जालन्याच्या बाजारी जाणारा शेतकरी १९४८ पूर्वी एका चलनाच्या मुलखातून दुसऱ्या चलनाच्या मुलखात पाऊल टाकीत असे. भाषा तीच, सोयरेही तेच; पण इकडे इंग्रजी 'कलदार' रुपया आणि तिकडे निजामाचा 'हाली'.

या विभागणीत इतिहासाचा एक विलक्षण उपरोध दडलेला आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये याच साखरखेर्ड्याच्या रणांगणावर निजामुल्मुल्काने हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान याचा पराभव केला आणि दक्षिणेत आसफजाही सत्तेचा पाया घातला. विजयाची खूण म्हणून गावाला 'फतेहखेर्डा' हे नावही मिळाले. पुढे १८५३ च्या तहाने वऱ्हाड कर्जाच्या व फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १९०२ मध्ये वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिले. १९३६ मध्ये तर निजामाच्या किताबात 'हैदराबाद व वऱ्हाड' असा उल्लेख आला. सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचे. पण आसफजाही राज्याचा जन्म ज्या गावी झाला, त्या गावच्या बाजारात व्यवहार चाले तो इंग्रजी नाण्याचा. सत्ता कोणाची, याचे उत्तर किताबात नव्हते, ते खिशातल्या नाण्यात होते.

'हाली सिक्का' म्हणजे सध्या चालू असलेले नाणे. १८५७ च्या उठावानंतर मोगल बादशहाचे नाव त्यावरून गेले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी चारमिनारचे चित्र असलेले यंत्रनिर्मित रुपये आले आणि १९१८ पासून हैदराबादच्या स्वतंत्र नोटाही निघाल्या. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम, त्यात चांदी शेकडा ८२ च्या आसपास, कलदार ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात चांदी सुमारे शेकडा ९२. शुद्ध चांदीची ही तुलना साधारण सहास सात अशी पडते. सात हाली म्हणजे सहा कलदार हा पुढे रूढ झालेला दर याच प्रमाणाशी जुळतो. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत.

तथापि चांदीचे गणित म्हणजे सर्व काही नव्हे. १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने आपल्या टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या. तेव्हापासून कलदाराची किंमत त्यातील चांदीपेक्षा अधिक राखली जाऊ लागली आणि चांदीच्या उतरत्या भावाची झळ हालीला लागली. कलदाराचा स्वतःचा दर तरी कोठे ठरत होता? १९२७ च्या कायद्याने तो एक शिलिंग सहा पेन्स असा निश्चित झाला. एक शिलिंग चार पेन्सांचा आग्रह धरणाऱ्या मुंबईच्या गिरणीमालकांची तक्रार अशी, की चढ्या दरामुळे निर्यात करणाऱ्याच्या हाती रुपये कमी पडतात. वऱ्हाडच्या कापसालाही हा न्याय चुकत नव्हता. म्हणजे हालीवाला कलदाराकडे पाही आणि कलदारवाला लंडनकडे.

या उतरंडीचा भार कोणावर पडे? मोठ्या व्यापाऱ्याजवळ दोन्ही नाणी असत. तो दर अनुकूल होईपर्यंत थांबू शकत होता. ज्याला आजच बियाणे घ्यायचे, उद्याच लेकीचे लग्न उरकायचे, त्याला थांबण्याची मुभा नव्हती. जाताना एका दराने नाणे मोडायचे आणि येताना दुसऱ्या दराने. मधले अंतर सराफाचे. कर्ज कलदारात आणि कमाई हालीत असेल, तर दर हलताच एक पैसाही न घेता ऋणको अधिक कर्जबाजारी होई. म्हणूनच खतपत्रांत नुसते 'रुपये' लिहून भागत नसे. हाली की कलदार हे स्पष्ट करावे लागे. त्यात सीमेवर निजामाच्या करोडगिरीचा जकातनाका वेगळाच.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. १९५० पासून भारतीय रुपया तेथे हालीच्या जोडीने चालू लागला, पुढे नवा हाली निघणे थांबले आणि १९५९ पर्यंत तो व्यवहारातून पूर्णपणे गेला. शंभर हाली पगाराचे रूपांतर सातास सहा या दराने ८५ रुपये ११ आणे ५ पै असे होते. गणित बिनचूक, परंतु ज्या शिक्षकाने वा कारकुनाने आयुष्यभर 'शंभर' हा आकडा मिरविला, त्याला तो कमी झालेला दिसणे ही केवळ अंकगणिताची बाब नव्हती. आणि दुकानदाराने भावाचा आकडा त्याच प्रमाणात उतरविला नाही, तर नुकसान खरेच होते. हा हिशेब अंगवळणी पडतो न पडतो तोच १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले.

त्यानंतर रुपयाचे अवमूल्यन जून १९६६ मध्ये झाले, जुलै १९९१ मध्येही झाले. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती राष्ट्राच्या प्रतिष्ठेची आणि निर्यातीच्या आकड्यांची. साखरखेर्डा-जालना वाटेवरचा अनुभव मात्र वेगळा प्रश्न पुढे ठेवतो : दर बदलेपर्यंत थांबण्याची ऐपत कोणाला आहे आणि कोणाला नाही? ज्याला ती नसते, तोच अखेर फरक भरतो. नाणे मोडताना कापला जाणारा बट्टा व्यवहारातून गेला, तरी 'नावाला बट्टा लागणे' हा शब्दप्रयोग मराठीत अजून खणखणीत आहे. वऱ्हाड-मराठवाड्याच्या जुन्या घरांतील हाली-कलदाराच्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी इतिहासाच्या शिक्षकांनी त्या विद्यार्थ्यांपुढे उघडल्या, तर अर्थशास्त्राचा हा धडा शिकविण्यासाठी डॉलरपर्यंत जाण्याची गरज उरणार नाही.