माळा की मुलीची खोली?

मुले मोठी होऊ लागली की घर एकाएकी लहान वाटू लागते. बेळगावातील आमच्या कौलारू घरात कन्येला अभ्यासासाठी व निजण्यासाठी स्वतंत्र जागा हवी होती. आमची दृष्टी साहजिकच माळ्याकडे वळली. आढ्याखाली जेमतेम उभे राहता येई. परंतु कैचीचा मधला खांब व तिरपे टेकू वाट अडवीत. सुतार म्हणाला, “तेवढे कापून टाकू!”

सुदैवाने आम्ही आधी स्थापत्य अभियंत्यांना विचारले. तो खांब छपराला खालून आधार देतो, असा आमचा समज होता. वस्तुतः तो आडव्या तुळईला वरून तोलून धरतो आणि तुळई दोन्ही बाजूंच्या तिरप्या लाकडांना फाकू देत नाही. एक अवयव कापला की साऱ्या छपराचा तोल बिघडतो, भिंतींवर रेटा येतो. शिवाय राष्ट्रीय इमारत संहितेनुसार माळा म्हणजे फार तर 1.5 मीटर उंचीची, केवळ साठवणीची जागा. उन्हाळ्यातील कौलांचा ताव आणि उतरावयास एकच शिडी, हे निराळेच!

कन्या हिरमुसली. तेव्हा आजीनेच कोठीच्या खोलीचे कुलूप काढले. हंडे-घंगाळी वाटून टाकली. हलके सामान तेवढे माळ्यावर गेले. “भांड्यांना खोली आणि नातीला नाही, हे कसे?” असे त्या म्हणाल्या.

जागा पुष्कळदा छपरात नसते. आपण अडवून ठेवलेल्या खोलीतच असते.